उलट शिकवलेली ओळ

तेजश्रीची नाडी मिनिटाला एकशे चार होती. घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून तिने पुन्हा मोजली. एकशे सहा. मनगट सोडून तिने बोटं ओढणीला पुसली आणि नेत्राच्या दाराशी चपला काढल्या.

सिल्व्हर पार्कमधल्या घरून जुन्या भाईंदरात रिक्षा पोहोचेपर्यंत तिने तीनदा सांगायचं ठरवलं होतं, तीनदा मोडलं होतं. साडेदहाला दोघींची मेडिसिनची तोंडी परीक्षा होती. एमबीबीएसची शेवटची.

मोरीपाशी नेत्राची आई, शालूकाकू, उकिडव्या बसून बोंबील साफ करत होत्या. नेत्रा ओल्या केसांतून कंगवा फिरवत घरभर येरझारा घालत होती.

"या, दोन नंबरच्या बाई! मेडलसाठी कपाटात जागा केलीय मी."

"केलीस ना? आता साड्या ठेव तिथे," तेजश्री म्हणाली. हसू यायला अंमळ उशीर झाला.

नेत्रा दोन मार्कांनी पुढे होती. कॉलेजातली पहिली कोण, ते आज ठरणार होतं. आपली मुलगीच पहिली येणार, असं तेजश्रीच्या पप्पांनी विहारात सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या वर्षापासून त्यांनी अभ्यास वाटून घेतला होता. हृदय आणि फुप्फुसं तेजश्रीची, मेंदू आणि पोट नेत्राचं. आपला भाग वाचायचा, दुसरीला शिकवायचा. दुसरीने शिकवलेलं पुस्तकात पुन्हा तपासायचं नाही, हा नियम नेत्राचा. तपासत बसलो तर वाटून काय उपयोग, असं ती म्हणायची. मेंदूवरच्या चाचणीत तेजश्रीला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले, ते नेत्राच्या शिकवण्यावर.

दिवाळीच्या सुट्टीत तेजश्रीने तिला हृदय शिकवलं, तेव्हा एका ओळीत घोटाळा झाला. गेल्या बुधवारी लायब्ररीत ती ओळ तिच्यासमोर आली. तिने ती बोट ठेवून दोनदा वाचली आणि पुस्तक मिटलं.

"ऐक," नेत्रा म्हणाली. "हृदयाचा स्नायू जाड झालेला पेशंट. उभा राहिला की छातीतला आवाज कमी. उकिडवा बसला की वाढतो. आईसारखा! ही मावरं घेऊन खाली बसली की आवाज चढलाच."

"चढंल नाय तर काय? इतकी मोठी डॉक्टरीण, पन एक भांडं घासत न्हाय," शालूकाकू मान वर न करता म्हणाल्या.

"बरोबर ना, तेजू? कालच्या बॅचने ग्रुपवर टाकलंय, बाहेरून आलेले सर सगळ्यांना नेमकं तिथेच पकडतायत."

या आठवड्यात नेत्राने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. आधी दोन्ही वेळा तेजश्री "हं" म्हणाली होती. खोटं नव्हे, नुसतं हं. तिने बॅगेची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. आत शोधण्यासारखं काही नव्हतं.

"अगं, बोल की. रिक्षा मिळायला हवी आता."

"उलटं आहे ते," तेजश्री म्हणाली.

"काय?"

"उकिडवा बसला की आवाज कमी होतो. उभा राहिला की वाढतो. मी तुला उलट शिकवलं."

नेत्राचा कंगवा केसांतच थांबला. ओठ हलवत तिने दोन्ही वाक्यं मनाशी फिरवून पाहिली. मग ती धपकन खाली बसली आणि हसायलाच लागली.

"मेले असते गं! सरांनी सोललं असतं मला. बरं झालं, वेळेवर आठवलं तुला." ती आईकडे वळली. "बघितलंस? दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती."

"तुझ्या बहिनीसारखी हाय ती." शालूकाकूंनी हात धुतले, भाकरीची ताटली पुढे सरकवली. "बस गो तेजू. दोन घास खाऊन जा."

नेत्राने सरकून शेजारी जागा केली. परीक्षेला अजून तास होता. बसलं की झालं असतं. कुणी काही विचारणार नव्हतं.

तेजश्री उभीच राहिली.

"आत्ता नाही आठवलं," ती म्हणाली. "मला बुधवारपासून माहीत होतं."