डावीकडून तिसरा

"ह्यो पिच्चर ठेसनाचाच ना?"

वल्लरीने तिकीट खिडकीतून मान वर केली. बाहेर पासष्टीची एक बाई उभी होती. नऊवारी घट्ट खोचलेली, हातातल्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती, आणि बोट होतं भिंतीवरच्या पोस्टरकडे. पोस्टरवर नायक-नायिकेच्या मागे कौलारू छपराचं एक लहानसं स्टेशन दिसत होतं.

"हो, आजी. रविवारी सकाळी साडेदहाला आहे. विशेष खेळ. तुम्ही पाहिलाय का हा?"

"नाय." बाईने पिशवी खाली ठेवली. "माजा पोर हाय त्यात."

दीपलक्ष्मी टॉकीज वल्लरीच्या सासऱ्यांचं. पनवेलच्या जुन्या गावठाणात एक पडदा, चारशे खुर्च्या. मॉल झाल्यापासून तिथे फारसं कुणी फिरकत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वल्लरीने महिन्याच्या पहिल्या रविवारी विशेष खेळ सुरू केले होते. लोक विसरून गेलेले जुने मराठी सिनेमे ती कुठून कुठून मिळवायची. बघायला तीस-चाळीस माणसं यायची. त्यातल्या कुणाचं पोर अजून कधी पडद्यावर निघालं नव्हतं.

"हिरोच्या लहानपणीचं काम केलंय का त्याने?"

"नाय वो. ठेसनावर पोरं झेंडं घेऊन गाडीच्या बाजूनं धावतात. त्यातला येक. बाळू नाव त्याचा."

"मग त्यांनाही घेऊन या ना रविवारी!"

कमळाबाईंनी पिशवी उचलली. "त्यो तवाच गेला," त्या म्हणाल्या आणि पुढे पोस्टरकडेच बघत राहिल्या.

*

ही गोष्ट पंच्याऐंशी सालची. कमळाबाईंचा नवरा रेल्वेत गँगमन होता आणि बिऱ्हाड आपट्याला. थंडीत स्टेशनावर शूटिंगवाले आले. त्यांना पोरं हवी होती. नवऱ्याने सात वर्षांच्या बाळूला कडेवर घेऊन तिथे नेलं. कमळाबाई त्या दिवशी दुसऱ्याच्या शेतावर वाल उपटायला गेल्या होत्या. संध्याकाळी बाळू घरी आला तो बिस्किटाचा पुडा नाचवत. दहा वेळा धावायला लावलं म्हणत होता. आपण पिच्चरमध्ये दिसणार, हे त्याने शेजारच्या म्हशीलासुद्धा सांगितलं होतं.

श्रावणात त्याला ताप आला. ताप डोक्यात गेला. पनवेलच्या दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झाला. डॉक्टर म्हणाले, "काल आणायला हवं होतं." पुढे कमळाबाईंनी त्याच पनवेलमध्ये एका खासगी दवाखान्यात आया म्हणून तीस वर्षं काढली. तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन कुणी दारात आलं की नंबर न विचारता त्या त्याला थेट डॉक्टरांपुढे नेऊन उभं करायच्या. त्यावरून त्यांनी बोलणीही पुष्कळ खाल्ली.

सिनेमा लागला तो बाळू गेल्यानंतर चार महिन्यांनी, याच दीपलक्ष्मीत. एक आठवडा चालला. कमळाबाईंचं पाऊल उचललं नाही. नवरा एकटा जाऊन आला. आल्यावर भिंतीला टेकून बसला.

"दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"दिसतो."

त्यावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. नवऱ्याला जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. बाळूचा एकच फोटो होता, शाळेतला. दोन हजार पाचच्या पुरात घरात छातीएवढं पाणी आलं आणि लोखंडी पेटीबरोबर आतला तो फोटोही गेला.

पण कमळाबाईंचं खरं दुःख याहून वेगळं होतं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाळूचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. त्याच्या गुडघ्यावरची खरूज आठवायची. अंगाचा वास आठवायचा. 'आये' म्हणताना तो शेवटचा सूर लांबवायचा, तोही आठवायचा. चेहरा मात्र डोळ्यांपुढे आणायला गेलं की पाण्यात दगड पडल्यासारखा फुटायचा. आई असून चेहरा विसरलो, हे बोलणार तरी कुणापाशी? पोस्टर बघितल्यावर त्यांच्या मनात एकच आलं. एकदा दिसू दे. दिसला की ओळखीन, आणि मग मरेपर्यंत सोडणार नाही.

*

"आई, तू एकटी जाऊ नकोस. मी येते," नीता फोनवर म्हणाली.

नीता म्हणजे बाळू गेल्यानंतर चार वर्षांनी झालेली मुलगी. बँकेत नोकरी करायची, उलव्याला फ्लॅट. रविवारी ती आली. टॉकीजच्या पायऱ्या चढताना एकदम म्हणाली, "लहानपणी मला त्याचा राग यायचा, माहितीय? मी वर्गात पहिली आले तरी तू रडायचीस. मला वाटायचं, एकदा तरी बघू दे हा कोण आहे तो."

"बगशील आज," कमळाबाई म्हणाल्या.

आत सत्तावीस माणसं होती. बहुतेक निवृत्त, कुणी काठी घेऊन, कुणी पाण्याची बाटली घेऊन. सुरुवातीला वल्लरी पडद्यासमोर येऊन उभी राहिली. हा शेवटचा विशेष खेळ, ती म्हणाली. पुढच्या महिन्यात टॉकीज पाडायला घेणार होते. दोघांनी 'अरेरे' केलं. एकाने टाळी वाजवली आणि आपण एकटेच वाजवतोय हे लक्षात आल्यावर थांबवली.

सिनेमा निर्मात्याच्या घरी सापडलेल्या प्रतीवरून उतरवून घेतला होता. रंग विटून सगळं लालसर झालेलं, मधूनमधून आवाज जायचा. कमळाबाईंना गोष्ट कळत नव्हती, कळून घ्यायचीही नव्हती. त्या खुर्चीच्या कडेवर बसून होत्या. स्टेशन आलं तशी त्यांनी नीताचा हात धरला.

शिट्टी झाली. गाडी हलली. डावीकडून पोरांचा घोळका धावत आला.

सगळ्यांच्या अंगात पांढरे सदरे होते. सगळ्यांच्या डोक्यांवर पांढऱ्या टोप्या, कपाळावर ओढलेल्या. हातात कागदी झेंडे. उन्हाने डोळे बारीक झालेली आठ-नऊ तोंडं पडद्यावरून गेली आणि गाडीच्या धुरळ्यात नाहीशी झाली. पुढच्याच क्षणी नायिका खिडकीत बसून रडत होती.

"कोणता गं?" नीता कुजबुजली.

"गेला की लगेच," कमळाबाई म्हणाल्या.

खेळ संपल्यावर माणसं गेली. वल्लरीने त्या दोघींना थांबवून घेतलं होतं. वरून मोशेकाका उतरून आले. मोशेकाका म्हणजे दीपलक्ष्मीचे जुने प्रोजेक्टर ऑपरेटर, बेने इस्रायल ज्यू. भाऊबहिणी कधीच इस्रायलला निघून गेलेले. हे एकटेच पनवेलात राहिले, पन्नास वर्षं त्या वरच्या खोलीत.

"ताई, तुमचे मिस्टर रेल्वेत होते का? निळा शर्ट, गँगमनचा?"

कमळाबाईंनी मान हलवली.

"तेव्हाही मीच लावला होता हा सिनेमा. एक माणूस रोज यायचा. सातही दिवस. स्टेशनाचा सीन झाला की उठून बाहेर. दारावरच्या माणसाने एकदा विचारलं, पिक्चर आवडत नाही तर येता कशाला? तर म्हणाला, माझं काम झालं."

सातही दिवस. घरी तर एकदाच 'दिसतो' म्हणाला होता. आपल्याला न सांगता त्याने पोराला सात वेळा डोळे भरून पाहून घेतलं, आणि जाताना ते सगळं बरोबर घेऊन गेला.

"मी वरून थांबवतो हां," मोशेकाका म्हणाले. "नीट बघा."

रिकाम्या थिएटरात पोरं पुन्हा धावत आली. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी चित्र थांबलं. कमळाबाई उठून पडद्यापाशी गेल्या. जवळून तोंडांचे नुसते लाल-काळे डाग झाले, तशा त्या चार पावलं मागे आल्या. गुडघे बघावेत तर सदरे गुडघ्यापर्यंत. केस बघावेत तर टोप्या. पहिल्याची हनुवटी बाळूसारखी वाटली. मग वाटलं, नाही, शेवटचा. मग वाटलं, यातला एकही नाही. तो त्या उंच पोराच्या मागे झाकला गेला असेल. त्या एकेका तोंडावर थांबत होत्या. आतून काहीतरी उसळून वर येईल, अशी वाट बघत होत्या. काही आलं नाही. ती नऊ पोरं होती, गोड होती, आणि कुणाचीही असू शकत होती.

"आई?" नीता शेजारी येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा शाळकरी मुलीसारखा झाला होता. "कोणता?"

कमळाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग बोट उचललं.

"त्यो. डावीकडनं तिसरा."

नीताने तोंडावर हात घेतला. "अगं, नाक बघ! बाबांचंच नाक आहे."

"व्हय," कमळाबाई म्हणाल्या. "बाबांचाच."

"आपट्यात त्या वेळची कुणी मुलं असतील ना अजून?" वल्लरीने उत्साहाने विचारलं. "बाकीचेही ओळखू येतील. मी फोन करून बघू?"

"नको!" त्या इतक्या घाईने बोलल्या की वल्लरी दचकली. मग सावरून म्हणाल्या, "कोन नाय ऱ्हायलं आता तिकडं."

*

पंधरा दिवसांनी नीता फोटो घेऊन आली. वल्लरीने तेवढंच चित्र पाठवलं होतं. नीताने ते मोठं करून, साफ करवून फ्रेम केलं होतं. पांढऱ्या टोपीतला एक मुलगा, तोंड उघडं, झेंडा अर्धाच दिसत होता. तिने स्वतः स्टूल घेऊन तो बाबांच्या फोटोशेजारी लावला. खाली उतरून बराच वेळ बघत राहिली.

"आता राग नाही येत," ती म्हणाली. "किती खुशीत धावतोय गं."

मग तिने पिशवीतून मोगऱ्याचे दोन हार काढले. एक बाबांच्या फोटोला घातला. दुसरा घेऊन स्टुलावर चढायला लागली, तशी कमळाबाईंनी तिचा दंड धरला.

"त्याला नको घालू."

"अगं, का?"

"नको सांगते ना."

"आई, चाळीस वर्षं झाली गं," नीता हळू आवाजात म्हणाली. "आता तरी मान्य कर."

कमळाबाईंनी तिच्या हातातला हार काढून घेतला. भिंतीवरचं ते पोर जे कुणी होतं, ते आता सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचं झालं असेल. कुठेतरी डबा घेऊन कामाला जात असेल, त्याची पोरं शिकत असतील. कदाचित त्याची आईही असेल.

त्यांनी हार देव्हाऱ्यातल्या गणपतीला घातला आणि नीतासाठी चहा ठेवायला आत गेल्या.