वर्षभरात शहाण्णव टक्के बरोबर

समजा, मुलांनो, तुमच्या वडिलांचं एक किराणा दुकान आहे. पाटोद्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर, दोनशे घरांच्या गावात. आणि समजा, दुकानात कोणता माल किती मागवायचा, हे आता तुमचे वडील ठरवत नाहीत. मोबाइलमधलं एक ॲप ठरवतं. तुम्ही म्हणाल, बरं झालं, वडिलांच्या डोक्याचा ताप गेला. सहावीतल्या यशोधरालाही आधी तसंच वाटलं होतं.

ॲपचं नाव 'जाणकार'. ते बनवलं होतं तिच्या अंगदमामाने. मामा पुण्यात सहा वर्षं नोकरी करून परत आला, पाटोद्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन चार संगणक मांडले आणि गेल्या एप्रिलमध्ये पहिलं ॲप मेहुण्याच्या, म्हणजे यशोधराच्या बाबांच्या, निवृत्तीच्या, मोबाइलमध्ये टाकलं.

"दाजी, एकच अट हाय," तो निवृत्तीला म्हणाला. "वरीसभर ऑर्डरला हात लावायचा न्हाई. तुमी मधी लुडबुड केली तर यंत्र शिकणार कसं?"

निवृत्ती मुळात सरळ माणूस. त्यात बायकोचा भाऊ. त्याने हात लावला नाही.

सहा महिने यंत्राने गाव काय खातं-पितं ते शिकून घेतलं. मग दसरा-दिवाळी झाली, आणि दरवर्षीप्रमाणे गावातली निम्म्याहून जास्त घरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून ऊसतोडीला गेली. दारांना कुलपं लागली. मागे राहिली म्हातारी माणसं, शेळ्या आणि काही शाळकरी पोरं. हे असं होणार, हे निवृत्तीला ठाऊक होतं, गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. 'जाणकार'ला तेवढं ठाऊक नव्हतं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात दुकानापुढे टेम्पो उभा राहिला आणि त्यातून दोनशे घरांचा माल उतरला.

"अंगद, गावात माणूस न्हाई. ही पोती कुनासाठी?" निवृत्तीने फोनवर विचारलं.

"शिकतंय ते, दाजी. लहान लेकरू हाय अजून."

लेकराची शिकवणी महाग पडली. बिस्किटं मऊ पडली, शेवटी शेळ्यांनी खाल्ली. शेळ्यांना क्रीमची बिस्किटं आवडतात, ही एक नवी माहिती यंदा गावाला मिळाली.

यंत्रही शिकलं. या गावाला काही लागत नाही, हे ते इतकं पक्कं शिकलं की जानेवारीपासून माल जवळजवळ येईनासाच झाला. मंजुळाबाई, एकट्या राहणाऱ्या आजी, पाव किलो साखरेला आल्या.

"साखर संपली, आजी," निवृत्ती मान खाली घालून म्हणाला. "यंत्र म्हणतं, गावाला लागत न्हाई."

"मंग माजा बिनसाखरेचा चहा पाज त्या यंत्राला," म्हणून आजी निघून गेल्या.

असं करत मार्चअखेर आली. अंगदने पाटोद्यातल्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवला: 'व्यवसाय तंत्रज्ञानाचं सरतं वर्ष: एक आढावा'. तालुक्यातले आणि बाहेरचे मिळून साठ दुकानदार आले. अंगद भर उन्हाळ्यात कोट घालून उभा होता. पडद्यावर आलेख येत होते. यंदा किती दुकानं जोडली गेली, यंत्राने किती लाख अंदाज बांधले, पुढल्या वर्षी ते तोंडी बोलणार कसं, हे सगळं त्याने सांगितलं. शेवटी पडद्यावर आलं, 'वर्षातील सर्वात अचूक दुकान', आणि खाली निवृत्तीचं नाव. वर्षभरात मागवलेला माल आणि गावाला लागलेला माल: शहाण्णव टक्के बरोबर.

यशोधराने बोटांवर हिशेब केला.

"बाबा, नको तवा दुप्पट आला आन पायजे तवा आलाच न्हाई. दोन्हीची बेरीज बरोबर व्हनारच की."

"गप बस. मामाचा कार्यक्रम हाय."

तेवढ्यात निवृत्तीचा फोन थरथरला. रामहरी मुकादम, म्हणजे गावातल्या तोडकऱ्यांची टोळी घेऊन जाणारा माणूस, कारखान्यावरून बोलत होता.

"निवृत्तीअण्णा, पट्टा पडला. कारखाना बंद. परवा दिवशी समदी टोळी गावात. साखर-चहापत्ती भरून ठेव."

निवृत्तीने ॲप उघडलं. एप्रिलची पहिली ऑर्डर तयार होती: साखर तीन किलो, चहापत्ती अर्धा किलो. पाच वाजता ती बंद होणार, तिचा माल उद्या येणार, आणि त्यानंतरचा टेम्पो थेट पंधरा दिवसांनी. आता पावणेपाच झाले होते. पाच महिने ऊस तोडून आलेली माणसं दुकानात साखर मागणार आणि ती नसणार. मग ती फाट्यावरच्या सोमनाथच्या दुकानात जाणार. आणि परतल्यावर पहिल्या आठवड्यात ज्या दुकानाची पायरी चढली, तिथेच वर्षभर जायचं, ही गावाची जुनी रीत.

नेमकं तेव्हाच स्टेजवरून त्याचं नाव पुकारलं गेलं. तो लेकीला घेऊन वर गेला. शाल मिळाली, ट्रॉफी मिळाली. मोबाइल त्याने यशोधराकडे दिला.

"दाजी, दोन शब्द," अंगदने माइक पुढे केला.

"अंगदनं लई कष्ट घेतले," निवृत्ती म्हणाला. "चांगलं हाय."

यशोधराने मामाचा कोट ओढला. तिने हळूच विचारलं, पण मामाच्या हातातला माइक चालूच होता.

"मामा, तुमी सहावीत होता तवा या दिवसांत कुटं असायचा?"

"कारखान्यावर," अंगद सवयीने बोलून गेला. "आईबापासंगं, पाचटाच्या कोपीत."

"मग घरी कवा यायचात?"

"पट्टा पडला की."

"मग यंत्राला कावून न्हाई सांगितलं?"

अंगदने रुमालाने मान पुसली. "त्यात सणांची यादी हाय. नाताळ हाय, व्हॅलेंटाइन हाय. ऊसतोडीचा रकाना न्हाई. पुढच्या आवृत्तीत टाकू. ऑक्टोबरात."

मागच्या रांगेतून वडवणीचा एक दुकानदार शेजाऱ्याला म्हणाला, "माजी पोतीबी तशीच पडल्यात बे. मला वाटलं, माजंच गाव उलटं हाय." शेजारी म्हणाला, "मलाबी तेच वाटलं." आणि बघता बघता त्या हॉलमधली बरीच गावं उलटी निघाली.

"पण शहाण्णव टक्के खोटं न्हाई, दाजी," अंगद दबक्या आवाजात म्हणाला.

"खोटं न्हाई," निवृत्ती म्हणाला. "साखर न्हाई."

पाचाला चार मिनिटं कमी होती. यशोधरा स्टेजच्या कडेला पाय सोडून बसली. तिने 'तीन किलो' पुसून 'सहा पोती' लिहिलं, चहापत्ती वाढवली, तेल वाढवलं. बदलाचं कारण लिहा, असं यंत्र म्हणालं. तिने लिहिलं, 'माणसं घरी येत आहेत'. नक्की का, असं यंत्राने विचारलं. तिने 'होय' दाबलं. मग स्टेजवरून खाली उडी मारून ती वडवणीच्या दुकानदारापुढे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या मोबाइलसाठी हात पुढे केला.