पेरणीस हरकत नाही

मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटवलेली पट्टी — जखमेवर लावतात तीच, मातकट रंगाची, कडांना मळानं काळी पडलेली — आणि तिच्यावर बॉलपेननं कधीकाळी कोणीतरी लिहिलेलं : शालिक एक दोन तीन. उज्मानं नख घालून ती एका झटक्यात ओढली, तेव्हा सहदेवला उगीचच वाटलं की दुखेल. कोणाला दुखेल, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नाही.

"हे असं पासवर्ड कपाळावर लावून बसता का जी तुमी?" उज्मा म्हणाली. ती अकोल्याच्या कंत्राटदाराकडून आली होती, जुनी एक्सपी काढून नवी विंडोज टाकायला. राहणारी बाळापूरची, पहाटेच निघाली असणार, पण आवाजात थकव्याचा मागमूस नाही. "आमचे अब्बू तुमच्या इथले मेसेज घरात मोठ्यानं वाचतात. मंग त्याच्या उलटं करतात."

शेजारच्या टेबलावरच्या सत्यवतीबाई हसल्या. सहदेवही हसला, पण त्याचं हसू जरा उशिरा आलं.

अमरावतीच्या या शेती-हवामान सल्ला कक्षातून विभागातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर रोज दुपारी चारला संदेश जायचा — फवारा, फवारू नका, पेरा, थांबा — आणि तो पाठवणारा शालिकराम होता. म्हणजे लॉगिन त्याचं होतं. शालिकराम निवृत्त झाला, तरी लॉगिन राहिलं, कारण नवीन मागायचं तर अर्ज पुण्याला जायचा आणि पुण्याहून काही परत येतं असा कोणाचा अनुभव नव्हता. मागच्या दिवाळीनंतर शालिकराम अकोल्याला मुलीकडे वारला. कक्षात शोकसभा झाली, दोन मिनिटं सगळे उभे राहिले, साहेबांनी "कर्तव्यदक्ष" हा शब्द वापरला आणि चार वाजता शालिकरामनं हजारो लोकांना बोंडअळीबद्दल कळवलं. मेलेला माणूस इतकं नियमित काम करतो याचं त्या दिवशी कोणालाच काही वाटलं नाही. जिवंत असताना चारला तो कॅन्टीनमध्ये असायचा.

निळ्या पडद्यावर टक्के चढत होते. सहदेव बघत बसला. आत काहीतरी पुसलं जात होतं आणि ते इतक्या शांतपणे... घरात कोणी आजारी असलं की आपण असेच बसतो, काही करता येत नाही म्हणून घड्याळाकडे पाहत.

मग नियमांवरून वाद झाला. उज्मानं सांगितलं, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह पाहिजे. देवाचं नाव नको, पोराबाळांचं नको. आणि दर महिन्याला बदलायचा. साहेबांनी त्यात भर टाकली : सगळ्यांनी आपापला पासवर्ड बंद पाकिटात घालून माझ्याकडे द्यावा.

"मंग तुमीच टाका ना आमच्या नावानं," सत्यवतीबाई म्हणाल्या. "आमाले कायले बोलावता हापिसात?"

"बाई, सुरक्षेचा प्रश्न आहे."

"शालिकरामनं कोनाचं काय वाकडं केलं? इतकी वर्षं चाललं ना बिनबोभाट."

"सर, पाकिटात ठेवून राहिले तर कुलूप लावून चाबी दरवाज्यालेच टांगा," उज्मा म्हणाली. "आन् एक सांगते, आता ज्याच्या लॉगिनमधून मेसेज जाईन ना, त्याचं नाव मेसेजच्या खाली आपोआप येईन. मोबाइलवर दिसते ते. नवीन शिस्टीम आहे, मी नाई केली."

यानंतर वादाचा आवाज एकदम खाली आला. सत्यवतीबाईंनी पासवर्ड टाकून पाहिला, यंत्रानं लाल अक्षरांत "कमकुवत" असा शेरा दिला, आणि त्या खूश होऊन खुर्ची सोडून उठल्या. "पाह्य बाप्पा, माहं काई चालत नाई म्हनते. सहदेवभाऊ, तुमी बसा." साहेब म्हणाले, "हो, सहदेवराव ज्येष्ठ आहेत. आजचा संदेश त्यांच्याच नावानं जाऊ द्या." जणू नारळ फोडायचा होता.

सहदेव बसला. गावाचं नाव टाकलं, वलगाव — कमकुवत. बायकोचं नाव, सांगितलं असूनही — कमकुवत. यंत्राला आपल्याविषयी इतक्या लवकर कसं कळलं... मग त्यानं न बघता, जरा रागानंच, बोटं कुठेही आपटली, आणि ते मजबूत निघालं. ते त्याला आठवणार नव्हतं म्हणून पुन्हा टाकावं लागलं, या वेळी शहाण्यासारखं. यंत्राचं दार उघडलं. वर उजवीकडे त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

मजकूर वरून आलेला होता. मजकूर नेहमी वरूनच येतो. वरचेही तो आणखी वरून आणतात. आणि सगळ्यांत वर आभाळ आहे, त्याला लॉगिन नाही. "येत्या पाच दिवसांत मध्यम पावसाची शक्यता. पेरणीस हरकत नाही." आणि शेजारच्याच खिडकीत नकाशा उघडा होता, ज्यात ढगांचा तो पांढरा पट्टा कालपासून विरत चालला होता, खानदेशाच्या अलीकडे तर फाटलेल्या सुती कापडासारखा. हे पाहायला विद्वत्ता लागत नव्हती. इतकी वर्षं पट्टे पाहून डोळ्यांना सवय झाली होती, एवढंच.

"साहेब, पट्टा विरून राहिला. आजच्या दिवस थांबू."

साहेबांनी चष्मा वर केला. "सहदेवराव, आपण 'पेरा' म्हटलं का? 'हरकत नाही' म्हटलं. आणि आपल्याला हरकत नाहीच."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

दोन पावसाळ्यांपूर्वी याच शब्दांचा संदेश इथूनच गेला होता, शालिकरामच्या लॉगिनमधून, सहदेवच्याच हातानं. त्या दिवशीही पट्टा विरत होता. आणि सहदेव जिन्याखाली, सायकल स्टँडच्या बाजूला जाऊन गोपालशी बोलला होता, धाकट्या भावाशी, हलक्या आवाजात : थांब. गोपाल थांबला. बाकीच्या वलगावनं पेरलं. सोयाबीन जमिनीत भाजलं, लोकांनी दुसऱ्यांदा बियाणं आणलं, ज्यांना आणता आलं नाही त्यांची वावरं तशीच राहिली — आणि गोपालचं पीक एकटं हिरवंगार, बघणाऱ्याला शरम वाटावी इतकं. धुऱ्यापलीकडचा, शेजारच्या वावराचा देवमन तेव्हा नुसतं म्हणाला होता, "गोपालराव, तुमच्यावाल्या मोबाइलवर येगळा मेसेज येते का?" गोपालनं हे हसत सांगितलं होतं. सहदेव त्या रात्री जेवला नव्हता असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तो जेवला होता. वांग्याचं भरीत होतं.

दोन तोंडं होती, सहदेवला वाटलं, आणि दोन्ही नीट चालत होती. एक शालिकरामचं, हजारो लोकांशी बोलणारं. एक माझं, जिन्याखालचं. कोणाशीच खोटं बोलत नव्हतो मी... पाठवायचं ते पाठवत होतो, सांगायचं ते सांगत होतो.

फोन वाजला. गोपालच. आता जिन्याखाली जायला हवं, पण साहेब उभे होते, आणि उज्मा तारा गुंडाळत पायांशीच बसली होती.

"भाऊ, सकाळी म्हनला होता दुपारी सांगतो. काय करू? बियानं काढून ठेवलं."

"हं."

"हा देवमन बसला हाये बाजूले. म्हने यंदा तुह्या भावाले इचारल्याबिगर बियान्याची मूठ नाई सोडत. बाकीचेही आले चार जन. स्पीकरवरच ठेवला फोन."

पलीकडे कोणीतरी खोकलं. बैलगाडीच्या जुवाला साखळी लागल्याचा आवाज आला, की ताट असेल... सहदेवला तो ओटा दिसला, ते चेहरे, मध्ये ठेवलेला मोबाइल, त्याच्याकडे सगळ्यांचे वाकलेले कान. "थांब" म्हणायला जीभ टाळूला लागलीसुद्धा. आणि त्याच क्षणी त्याला थोड्या वेळानं तोच मोबाइल किणकिणताना दिसला, आणि देवमन सावकाश, बोटानं अक्षरं धरत वाचतोय : हरकत नाही. खाली नाव. सहदेव. मग देवमन मान वर करून गोपालकडे बघतो.

पडद्यावरचा संदेश नाहीतर तोंडचा सल्ला, दोन्हींतलं एक बदलायला हवं होतं. पडद्यावरचं बदलता येत होतं. बोट तिथंच होतं. नोकरी गेली नसती, फार तर खुलासा मागवला असता.

"हरकत नाही," सहदेव म्हणाला.

"म्हंजे पेरू?"

"हरकत नाही म्हटलं ना."

"असा काहून बोलून राहिला भाऊ? हापिसासारखा?" गोपाल म्हणाला, आणि मग दुसरीकडे तोंड वळवून, मोठ्यानं, जवळजवळ आनंदानं : "चाला, पेरा म्हनते!"

फोन बंद झाला. उज्मानं विचारलं, पावती कोणाच्या सहीनं घेऊ. साहेब म्हणाले, चार वाजत आले. संदेश अजून पडद्यावर होता आणि सहदेवला नवल वाटलं की त्या बटणाला आता काही वजनच उरलेलं नाही; ते दाबलं काय आणि राहिलं काय. त्यानं खिडकीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या खुर्चीवरून त्यानं आभाळ कधी पाहिलं नव्हतं, नकाशात सगळं असायचं. ते पांढुरकं होतं, रिकामं, भांडं घासून पालथं घातल्यासारखं. आणि आतून काहीतरी वर येऊ लागलं, ज्याला मागणंच म्हणायला हवं — येऊ दे, पाच दिवसांत, चार शिंतोडे तरी, वलगावपुरते तरी. मग, सवयीनं, त्यानं ते मागणं तपासून पाहिलं : गोपालसाठी आहे, की संदेशाखालच्या आपल्या नावासाठी. ते ठरेना. साहेब पुन्हा काही म्हणाले. सहदेव आभाळाकडेच बघत राहिला, पेरून बसलेल्या माणसासारखा, आणि आत ते मागणं चालूच राहिलं, कोणाचं ते न सांगता.