सव्वीस किलोंचा अबोला

सेफ्टीसाहेबांच्या घरात अबोल्याचा आज तिसरा दिवस होता, आणि चूक साहेबांची होती. हे साहेब सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे बायकोला, कारण घरात माणसं दोनच.

कारखान्यात तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून साहेबांनी लोकांना शहाणपण शिकवलं. निवृत्त झाल्यावर लांबच्या प्रवासाची, साडेतीनशे किलोंची मोटरसायकल घेतली. उद्या सकाळी तिच्यावरून दोघांनी निघायचं ठरलं होतं. सहा दिवस, समुद्राच्या काठाकाठानं. पण तीन दिवसांपूर्वी साहेबांनी गाडीच्या मागे वाकून पाहिलं आणि बोलून गेले, "मागची स्प्रिंग बसलीय. बसणारच म्हणा. तू हल्ली जरा भरली आहेस."

झालं. बायकोनं आपलं हेल्मेट कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं, "मग एकटेच जा, गाडी हलकी राहील," म्हणाली आणि तोंडाला कुलूप लावलं.

एकट्यानं जायचं साहेबांच्या अगदी जिवावर आलं होतं. तिच्याशिवाय त्या समुद्राला काय चाटायचंय? पण हे सांगायला आधी बोलायला हवं, आणि जो आधी बोलेल तो हरला, असा त्या घरातला जुना कायदा. फारच अडलं तर हवेत बोलायचं, 'कुणाला' तरी. "कुणाला चहा हवा असेल तर ओट्यावर आहे." "कुणाचा तरी ओला टॉवेल पलंगावर पडलाय." तीन दिवस संसार असा चालला होता.

शेवटी साहेबांनी ठरवलं, स्प्रिंग स्वतःच आवळून टाकायची. म्हणजे भांडणाचं मूळच गेलं. त्यासाठी गाडी जॅकवर उचलायला हवी होती. गॅरेजच्या भिंतीवर ती कशी उचलायची याचे नियम साहेबांच्याच वळणदार अक्षरात लावलेले होते. पहिलाच नियम, दुसरा माणूस सोबत असल्याशिवाय उचलू नये. दुसरा माणूस स्वयंपाकघरात मटार सोलत होता आणि त्याला हाक मारायची सोय नव्हती.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. साहेबांनी गाडी एकट्यानं सरळ उभी केली, पुढचा ब्रेक दोरीनं आवळला, पोटाखाली जॅक सरकवला, मध्ये लाकडाची फळी घातली आणि एका हातानं गाडी सावरत पायानं पॅडल मारायला सुरुवात केली. गाडी वीतभर वर आली आणि साहेबांना स्वतःचं कौतुक वाटलं. तेवढ्यात तिनं शेपूट खाली टाकलं आणि सगळा भार डावीकडे, म्हणजे साहेबांवर, कलला.

त्यांनी खांदा लावला. गाडी बांधायचे पट्टे समोरच्या भिंतीवर खिळ्याला, पाच पावलांवर. जॅक उतरवायचा खटका पायाशी, पण वाकलं तर गाडी अंगावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पाच मिनिटं अशीच गेली. उद्याचा प्रवास, उजवा पाय आणि तीन दिवसांची अब्रू, तिन्ही एकाच खांद्यावर होती.

ते खोकले. मग जरा मोठ्यानं खोकले.

बायको हात पुसत दारात आली. तिनं गाडी पाहिली, साहेब पाहिले, चष्मा लावला आणि भिंतीवरचा कागद वाचायला घेतला.

"एकट्यानं उचलू नये," ती कागदाला म्हणाली. "कुणीतरी छान लिहिलंय."

"कुणाला वेळ असेल तर पट्टे द्यावेत," साहेब पेट्रोलच्या टाकीला म्हणाले.

"पट्टे आधीच हाताशी ठेवावेत. हेही लिहिलंय."

गाडी आणखी बोटभर कलली, आणि साहेबांचा कायदा तिथंच मोडला. "अगं, चुकलो मी. घे ना गं पट्टे."

"नाक दाबून उघडलेलं तोंड आम्ही हिशेबात धरत नाही," ती म्हणाली, तीही भिंतीलाच. पण बोलता बोलता तिनं पट्टे काढले, हँडलच्या दोन्ही बाजूंना अडकवले, वरच्या तुळईच्या कड्यांतून ओवून आवळले आणि एकेक ओढून पाहिला. तीस वर्षं प्रत्येक जेवणाला हेच ऐकत आली होती ती.

मग तिनं पुढचा नियम वाचला. उचलण्यापूर्वी पेट्या काढाव्यात. मागच्या दोन्ही पेट्या गाडीला जशाच्या तशा. उजवी तिची, तिच्यात एक स्वेटर आणि बिस्किटांचा पुडा निघाला. डावी साहेबांची. ती तिला उचलेना, म्हणून कशीबशी खाली सरकवली आणि उघडली. पाने, हातोडा, लोखंडी साखळी, हवा भरायचा पंप, वर आणखी एक छोटा जॅक. पेटी उतरली तशी गाडीची शेपटी आपसूक दोन बोटं वर आली होती. स्प्रिंग धडधाकट होती.

बायको न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन आली, पेटी त्यावर चढवली आणि आकडा साहेबांना दिसेल असा ठेवून निघून गेली. सव्वीस किलो.

साहेब आता मोकळे होते. गाडी बांधलेली, पाय शाबूत. गप्प बसले असते तर कुणी विचारणार नव्हतं. त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला. मग हात न धुताच स्वयंपाकघरात गेले.

"अगं," ते म्हणाले, "ते वजन माझं होतं. मी तुला नको ते बोललो. आणि मला एकट्याला कुठंही जायचं नाहीये."

ती मटार सोलत राहिली. दोन शेंगा झाल्या, तीन झाल्या.

"अहो," ती म्हणाली, "आधी ते काळे हात धुवा. मग गाडी खाली घेऊ. दोघं मिळून."

सकाळी साहेबांनी चार पाने तेवढे कापडात गुंडाळून घेतले. डावी पेटी जवळजवळ रिकामी होती. बायको हेल्मेट घालूनच बाहेर आली, तिच्या काखेत वजनकाटा होता. तो तिनं डाव्या पेटीत नीट बसवला आणि झाकण लावलं.

"हा कशाला?" साहेबांनी विचारलं.

"असू दे," ती मागे बसत म्हणाली. "वाटेत कुणाला शंका आली तर."