मास्तरबाईंचा खिसा

"आता उडी मार," मास्तरबाईंनी हुकूम सोडला आणि काठी मांडीवर आडवी घेऊन त्या खुर्चीत सरसावून बसल्या.

सुनेने उडी मारली. दंडावरच्या पट्ट्यातला फोन कोपरापर्यंत घसरला.

"घट्ट का करत नाहीस?"

"घट्ट केला की बोटांना मुंग्या येतात, आई."

"आणि सैल केला की हे असं. ज्यानं शिवलाय त्यानं माणसाचा दंड बघितलेला नाही, खांब बघून शिवलाय. काढ तो."

सुनेने तो काढला आणि कमरेची बाजारी पिशवी बांधली. ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत ती चार वेळा पळाली. पिशवी पोटावर आपटत आपटत वर चढली आणि चौथ्या खेपेला बरगड्यांशी जाऊन बसली. तिसरी वस्तू हातात धरायची होती. तळहाताभोवती एक वादी आणि तिच्यात अडकवलेला फोन. ती पाहूनच मास्तरबाईंनी मान हलवली. मूठ आवळून पळणारे माणूस खांदे वर काढून पळते, हे सांगायला त्यांना उडी बघण्याची गरज नव्हती. चाळीस वर्षे शिवणकामाच्या दुकानात त्यांनी लोकांच्या खांद्यांशीच संसार केला होता.

"तिन्ही परत पाठव. मी शिवते."

"राहू द्या ना, आई. नाहीतरी मला कुठे एवढं..."

"मी विचारलं नाही, सांगितलं. टेप आण."

हे सगळे सुरू झाले होते बुटांमुळे. मास्तरबाईंच्या मांडीच्या हाडात सळई बसवल्याला चार महिने झाले होते. कुणाच्या आधाराशिवाय, नुसत्या काठीने चालायला डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात परवानगी दिली, आणि त्या परवानगीचा पहिला उपयोग त्यांनी घराची तपासणी करण्यासाठी केला. दारामागच्या मांडणीत, अगदी खालच्या फळीवर, सुनेचे धावायचे बूट होते. स्वच्छ धुतलेले, आत कागदाचे बोळे कोंबलेले, नाड्या एकमेकींना गाठ मारून बांधलेल्या. लवकर न लागणारी वस्तू माणूस अशी ठेवतो.

लग्न होऊन आली त्या वर्षी मास्तरबाईंनी तिचे नाव भिंगरी ठेवले होते. पायाला भिंगरी लागलेली, पहाट झाली की घराबाहेर पळणारी सून, असा तो टोमणा होता. पुढच्या चौदा वर्षांत तो टोमणा झिजून मऊ झाला आणि लाडाचे नाव होऊन बसला. मास्तरबाईंनी हे कधी कबूल केले नाही, ही गोष्ट वेगळी. गेल्या चार महिन्यांत मात्र ते नाव घरात उच्चारले गेले नव्हते.

"धावणं सोडलंस?" त्यांनी त्या दिवशी विचारले होते.

"फोन नीट ठेवायला काही मिळत नाही," सून म्हणाली होती. "हातात धरून पळवत नाही."

मास्तरबाईंना हे उत्तर मनापासून आवडले. ही अडचण कापडाची होती, म्हणजे त्यांच्या हातातली होती. आणि चार महिने हातात काहीच नसलेल्या माणसाला यापेक्षा मोठे दान दुसरे नव्हते.

त्यांना या सुनेसाठी काहीतरी करायचे होते. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. दवाखान्यातून आल्यापासून त्यांना उठवले, बसवले, न्हाऊ घातले, केस विंचरले ते हिने. दिवसा नऊपासून सोबतीची बाई येई. तोवर सगळे करून ही रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला जाई आणि संध्याकाळी पुन्हा उभी राही. चार महिन्यांत एकदाही "जरा थांबा हं, आई" म्हणाली नाही. मास्तरबाईंना आभार मानता येत नसत. दुकानात एखाद्या मुलीने काज सुरेख केले, तर त्या तिचे कौतुक करत नसत. पुढचे सगळ्यांत उंची कापड तिच्या पुढ्यात टाकत. दुकानातल्या मुलींना ती भाषा समजत असे.

म्हणून त्यांनी कपाट उघडायला लावले आणि जपून ठेवलेला, ताणला जाणाऱ्या कापडाचा, काळा, घडीसुद्धा न मोडलेला तुकडा बाहेर काढला.

"आई, हा तर तुम्ही ठेवणीतला..."

"जागच्या जागी पळ. थांबू नकोस. उभ्या माणसाचं माप घेऊन पळणाऱ्याचा कपडा होत नाही."

सून पळत राहिली आणि मास्तरबाई तिच्या कमरेभोवती खडूने खुणा करत राहिल्या. पळताना पोट हलते, कुशी हलतात, पण पाठीचा खालचा खळगा जवळजवळ स्थिर राहतो. तिथे त्यांनी फुली मारली. रुंद पट्टा, पाठीशी फोनचे घर, वरून झाकण. दोन दिवस त्या हाताने टाके घालत बसल्या. शिवण इतकी सपाट आली की बोटाला लागेना.

सोमवारी उजाडताना सून बाहेर पडली. घड्याळाचा काटा अकरा मिनिटे पुढे सरकला आणि दारात किल्ली वाजली.

"काय गं? विसरलीस काही?"

"नाही. पट्टा जरा वर सरकतो, आई."

तिने तो सोडून पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "थांबा, धुऊन देते. तुम्हाला चालत नाही."

हे खरे होते. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, न धुतलेला कपडा दुरुस्तीला घ्यायचा नाही, हा दुकानाचा नियम होता. दुसऱ्याच्या घामाला हात लावणार नाही, असे त्या भर दुकानात सांगत. पण या वेळी त्यांनी हात पुढेच ठेवला, कारण त्यांना संशय आला होता. पट्टा हातात आला. कोरडा ठणठणीत. वर सरकलेल्या कापडाला आडव्या चुण्या पडतात. याला एकही पडली नव्हती.

त्यांनी पट्टा दोन बोटे रुंद केला आणि दुसऱ्या दिवशी सून बाहेर पडताच काठी टेकत खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

खाली रस्ता सरळ जात होता आणि पिंपळापाशी वळत होता. सून पळत निघाली. काय पळत होती! मास्तरबाईंनी तिला असे कधी पाहिलेच नव्हते. त्या वेळी त्या नेहमी झोपलेल्या तरी असत किंवा नाराज तरी. पण पिंपळाशी पोचण्याआधी ती थांबली. हात पाठीमागे नेऊन तिने फोन काढला, पाहिला, ठेवला. दहा पावले पळाली. पुन्हा थांबली, पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी तिने फोन परत ठेवलाच नाही. तो हातात धरून ती घराकडे वळली.

दार उघडले तेव्हा मास्तरबाई खिडकीशीच होत्या.

"पट्ट्यात खोट काय आहे?"

"काही नाही. छान झालाय."

"मग?"

सुनेने बूट काढले. बराच वेळ लावून काढले.

"पाठीशी असला की थरथर कळत नाही, आई. वाजलेला ऐकू येत नाही. तुम्ही फोन केलात आणि मला कळलंच नाही तर?"

मास्तरबाई खुर्चीत बसल्या.

चार महिन्यांपूर्वी अशाच वेळी त्या वरच्या फळीवरचे गाठोडे काढायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. पन्नास मिनिटे फरशीवर होत्या. शिवणयंत्राखाली हरवलेल्या सात टाचण्या त्यांना तेव्हा दिसल्या. सून आली तेव्हा घामाने निथळत होती, आणि तिचा फोन ओट्यावर होता. हातात धरून पळवत नाही म्हणून ती तो घरीच ठेवून जात असे. दवाखान्यात, परिचारिकेसमोर, मास्तरबाई तिला म्हणाल्या होत्या, "हातात धरायला एवढा जड झाला होता का तो फोन?"

वेदनेत माणूस काहीही बोलते. पण वेदना उतरल्यावर त्यांनी ते शब्द मागे घेतले नव्हते. विसरून गेल्या होत्या. सून विसरली नव्हती.

त्या दिवशी सोबतीच्या बाईला त्यांनी बाजारात पिटाळले आणि शिवणाच्या खोलीचे दार लावून घेतले. मोठ्या कात्रीची लाकडी पेटी उघडली. कात्रीशेजारी, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला, त्यांचा स्वतःचा फोन होता. मुलाने दिलेला, जपून ठेवावा म्हणून बंद केलेला. सुनेला वाटे, तो उशाशी असतो. कुठे असतो, हे मास्तरबाईंना विचारण्याची या घरात कुणाची टाप नव्हती. पडल्या त्या सकाळीही तो इथेच होता. फडक्यात. बंद.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग अंगातल्या गाऊनची उजवी शिवण चाचपून पाहिली, आणि चिमट्यात धरून, उसवण्याच्या सुईने टचकन उसवली.

बायकांच्या कपड्याला खिसा त्यांनी आयुष्यात लावला नव्हता. गिऱ्हाइके गयावया करत. "मास्तरबाई, लहानसा तरी." त्या म्हणत, "खिसा लावला की कपडा सरळ पडत नाही. सामान वाहायचं असेल तर पिशवी घ्या." या एका हट्टापायी दोन चांगली गिऱ्हाइके समोरच्या दुकानात गेली होती, त्याचाही त्यांना अभिमान होता. आता त्या दुपारभर वाकून टाके घालत होत्या, आणि बोटे अशी बिचकत होती जणू कुणी चोरून पाहत आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुनेपुढे पट्टा टाकला. फोनचे घर आता पाठीशी नव्हते. उजव्या कुशीला, कमरेचे हाड वर येते तिथे होते.

"हाडावर आहे. मुंगी चालली तरी कळेल."

सुनेने तो बांधला. दोन्ही अंगठे आत घालून पाहिले, ओढून पाहिले. खोट काढायला जागाच राहिली नव्हती, आणि तरी ती दाराकडे वळत नव्हती.

"आई, मला वाटतं, सोबतीची बाई सकाळी लवकर यायला लागली की मग..."

मास्तरबाईंनी गाऊनच्या शिवणीत हात घातला आणि फोन बाहेर काढला.

सुनेने आधी फोनकडे पाहिले, मग शिवणीकडे.

"हा काय, खिसा?"

"डोळे आहेत ना तुला?"

"तुम्ही? खिसा लावलात?" तिचा हात तोंडावर गेला. "हे समोरच्या दुकानात कळलं तर मिठाई वाटतील."

"कळणार नाही. तू सांगायला जाणार नाहीस." मास्तरबाईंनी फोन पुन्हा खिशात टाकला आणि काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. "त्या दिवशी तुझा फोन तुझ्याजवळ असता ना, तरी तो वाजला नसता. माझा कात्रीच्या पेटीत होता. बंद करून ठेवलेला."

सुनेचे हसणे थांबले.

"तेव्हा जे बोलले, ते मला लागू होतं. तुला नाही."

खाली दुधाची गाडी येऊन थांबली, बाटल्या किणकिणल्या, गाडी निघून गेली. सून खाली वाकली. बुटाची नाडी बांधलेलीच होती. तिने ती सोडली आणि पुन्हा बांधली. उठली तेव्हा तिचे नाक लाल झाले होते.

"निघू?"

"अजून इथेच आहेस?"

मास्तरबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. फोनच्या वजनाने गाऊन उजवीकडे ओढला गेला होता. खालची कड अर्ध्या बोटाने उतरली होती. त्यांनी ती पाहिली आणि तशीच राहू दिली. सून पिंपळाशी पोचताच त्यांनी चष्मा वर सरकवला आणि एकेक बटण दाबून नंबर लावला.

दूरवर सुनेचा हात चटकन कुशीवर गेला.

"आई! काय झालं?"

"काही नाही. ट्रायल घेतल्याशिवाय मी कपडा दिलाय का कधी? कसा बसतोय?"

"बसतोय. छान बसतोय, आई."

"मग उभी काय राहिलीस? पळ, भिंगरी."

पिंपळाशी उभी असलेली आकृती क्षणभर तशीच राहिली. मग वळणाआड गेली.

अकरा मिनिटे झाली. वीस झाली. मास्तरबाईंनी चहा ठेवला, उतरवला, एकटीने घेतला. चाळीस झाली. त्या घड्याळाकडे पाहत होत्या, आणि घड्याळ पुढे जात होते, आणि दार वाजत नव्हते. असे सुख त्यांना फार दिवसांत मिळाले नव्हते. पन्नासला एक मिनिट कमी असताना किल्ली फिरली.

सून आत आली ती भिंतीला टेकूनच राहिली. केस कपाळाला चिकटलेले, गाल तापलेले, बोलायला दम नाही. तिने पट्टा सोडला, फोन काढून ओट्यावर ठेवला आणि पट्टा घेऊन नळाकडे निघाली.

"इकडे दे."

"चिंब झालाय, आई. धुऊन देते."

"दे म्हटलं ना."

मास्तरबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. कापड जड झाले होते, गरम होते. त्यांनी ते बोटांनी चाचपून पाहिले. चुण्या जिथे पडायला हव्या होत्या तिथेच पडल्या होत्या. मग त्या काठी विसरून, भिंतीचा आधार घेत, स्वतःच नळाशी गेल्या.