टकटक केल्यावर गप्प बसणे

नात वाचताना अडखळते, हे घरात सर्वांत आधी आजोबांच्या लक्षात आले होते. म्हणून तिला वाचायला आपणच शिकवायचे, असे त्यांनी ठरवून टाकले. तंत्रनिकेतनातून शिकून त्यांनी सारी हयात यंत्रशाळेत शिकाऊ उमेदवार घडवण्यात घालवली होती. चूक जागच्या जागी दुरुस्त करायची, हा तिथला नियम त्यांनी घरीही चालवला. शब्द चुकला की ओळीवर पेन्सिल आडवी. वर्षभरात नातीच्या मनात पेन्सिलीची धास्ती तेवढी बसली.

शेवटी सुनेने तिला अशा मुलांना वाचन शिकवणाऱ्या बाईंकडे घातले.

एके दिवशी तिला आणायला आजोबा जरा लवकरच पोचले. दार अर्धवट उघडे होते. बाई आणि नात एकाच पुस्तकातून, एका सुरात, मोठ्याने वाचत होत्या. मध्येच नातीने मेजावर बोटाने टकटक केली. बाई थांबल्या, आणि पोर एकटीच पुढे निघाली. वाक्यामागून वाक्य, सरळ. आनंद व्हायला हवा होता. आजोबांच्या पोटात मात्र दुखले.

रात्री जेवताना ते म्हणाले, "कुणाच्या तरी मागून पोपटपंची करणं म्हणजे वाचन नव्हे."

"बाबा, पिकतं तिथं विकत नाही, हे लागलंय ना मनाला?" सून म्हणाली.

"मला कशाला लागेल? बाईंचा आवाज गोड आहे, एवढंच."

"मग तुम्हीही जिभेवर साखर ठेवून बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीला शेजारी बसवले. "बाईंसारखंच करू."

दोघे सोबत वाचू लागले. नातीने टकटक केली. आजोबा वाचतच राहिले. तिने पुन्हा, जोरात केली. त्यांचा आवाज उलट चढला. बाईंपेक्षा स्पष्ट, बाईंपेक्षा सफाईदार.

नातीने पानावर हात ठेवला. "आजोबा, टकटक केली की तुम्ही गप्प बसायचं. बाईंना दोनदा सांगावं लागत नाही."

ते गप्प बसले. थोड्याच वेळात तिचा एक शब्द चुकला. पेन्सिलीकडे निघालेला हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला. ती थांबली, मागे आली, आणि आपणच शब्द सुधारून तिने पान संपवले.

"बाईंना सांगते, आजोबांनाही जमायला लागलंय."

हे त्यांना सर्वांत जास्त झोंबले. "पुढचं पान घे."

"ते उद्या बाईंकडे आहे."

"म्हणूनच आत्ता घे," आजोबा म्हणाले.