लाल बादलीतली प्लेट

रिपोर्ट वेळेवर मिळाला नाही म्हणून प्रयोगशाळेच्या खिडकीशी कधी भांडला नाही, असा माणूस आपल्यात सापडायचा नाही. त्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी मात्र कोणी भांडत नसे. सकाळी सांगितलेला रिपोर्ट सकाळीच मिळायचा. तिथल्या प्रमुखांना हाताखालच्या मंडळींनी घड्याळसाहेब असं नाव ठेवलं होतं. हे नाव साहेबांच्या कानावर गेलं होतं आणि खरं सांगायचं तर ते त्यांना मनातून आवडतही होतं.

साहेबांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या ऊबदार कपाटाच्या, म्हणजे इन्क्युबेटरच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. "प्लेटवर बुरशी दिसल्यास झाकण उघडू नये. चिकटपट्टी लावून लाल बादलीत टाकावी." हा नियम काही उगाच आलेला नव्हता. फार वर्षांपूर्वी कोणीतरी बुरशीच्या प्लेटचं झाकण बेफिकिरीने उघडलं, तिची धूळ हवेत उडाली आणि शेजारच्या सगळ्या प्लेटांचा सत्यानाश झाला. तेव्हापासून बुरशी म्हणजे साहेबांच्या लेखी घरात घुसलेलं भटकं मांजर, दिसलं की हाकला! रुग्णांच्या थुंकीतून प्लेटवरच्या खाद्यात साधे जंतू वाढले, तर त्यांना कोणतं औषध लागू पडतं हे तिथे अगदी हौसेने तपासत. बुरशी वाढली, तर रिपोर्टवर "बुरशी आढळली" एवढे दोन शब्द आणि प्लेट बादलीत. बादलीतून ती ऑटोक्लेव्हमध्ये जाई आणि तिथे दाबाखालच्या वाफेत सगळं मरून जाई.

त्या सकाळी तिथल्या तंत्रज्ञ मुलीने एक प्लेट उजेडात धरली आणि ती जरा घुटमळली.

"सर, बुरशी आलीय. हिरवट राखाडी."

"मग? नियम पाठ नाही का?"

"पाठ आहे सर, पण ही... तुमच्या वहिनींची आहे."

साहेबांनी मान वर केली नाही. "माझ्या वहिनींना नियम वेगळा आहे का? टाक."

तिने टाकली. साहेबांना त्या क्षणी स्वतःचा अभिमानच वाटला. घरच्या माणसासाठीही आपण कायदा वाकवत नाही, असं त्यांना वाटलं. माणूस आपल्या चुकीवर खूश असतो तेव्हा ती चूक ओळखू येणं किती कठीण असतं, पाहा!

आता या वहिनी कोण, ते सांगायला हवं. साहेब शाळेत होते तेव्हा त्या थोरल्या भावाची बायको होऊन घरात आल्या. आई नसलेल्या त्या दिराचा अभ्यास घेण्यापासून त्याच्या तापात उशाशी बसण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. त्याचा पहिला पांढरा कोटही त्यांनीच शिवला होता, आणि एक बाही तोकडी झाली म्हणून घरभर हसल्या होत्या. पुढे नवरा-बायकोने फुलझाडांची रोपवाटिका काढली. मध्यंतरी वहिनींना क्षय झाला. तो बरा झाला, पण जाताना फुप्फुसात एक पोकळी ठेवून गेला. काही महिन्यांपूर्वी त्याच पोकळीत बुरशीने घर केलं. गोळ्या सुरू झाल्या आणि वहिनींनी त्या एकही न चुकवता घेतल्या. तरी खोकला वाढतच गेला. आता खोकल्यातून रक्त पडू लागलं होतं, आणि त्या याच इस्पितळात वरच्या मजल्यावर दाखल होत्या.

दुपारी छातीच्या डॉक्टरीणबाई स्वतः प्रयोगशाळेत आल्या. त्या कधी खाली येत नसत, त्यामुळे तंत्रज्ञ मुलगी उठून उभीच राहिली.

"साहेब, वहिनींच्या रक्तातलं औषध मोजून घेतलं मी. औषध पुरेसं आहे. गोळ्या पोटात जातात, रक्तात उतरतात, आणि तरीही बुरशी वाढतेय. मला वाटतं ती या औषधाला दाद देत नाही. आजच्या प्लेटवर काय आलंय?"

"बुरशी आढळली. रिपोर्ट गेलाय वर."

"ते तर मलाही माहीत आहे! बुरशी आहे म्हणूनच ती बाई इथे आहे. कोणत्या औषधाने मरते, ते सांगा."

साहेबांचा चेहरा कसनुसा झाला. "डॉक्टर, बुरशीवर औषधाची तपासणी आम्ही करत नाही. वेळ फार जातो, जागा वेगळी लागते. आणि आजवर कोणी मागितलीही नाही."

"कोणी मागत नाही म्हणून तुम्ही करत नाही, आणि तुम्ही करत नाही म्हणून आम्ही मागत नाही. आणि पेशंट बिचारा गोळ्या गिळत बसतो! अहो, साध्या जंतूंच्या बाबतीत तुम्हीच आम्हाला दटावता ना, तपासल्याशिवाय औषध देऊ नका म्हणून? मग बुरशीने काय घोडं मारलंय? तीही जिवंत आहे. तीही शिकते. कुलूप बदललं असेल, तर जुनी किल्ली महिनोन्महिने फिरवून दार उघडेल का?"

बाईंनी आवाज खाली आणला. "भांडायला नाही आले मी. ती प्लेट द्या फक्त. मोठ्या मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते, तिथे पाठवू."

साहेब उठले. लाल बादली कोपऱ्यात होती, पण रिकामी. ते अक्षरशः धावत मागच्या खोलीत गेले. ऑटोक्लेव्हचं काम नुकतंच संपलं होतं आणि झाकण उघडं होतं. आत पिशवीत वितळून एकमेकींना चिकटलेल्या प्लेटांचा एक वेडावाकडा गोळा पडला होता. त्यातली वहिनींची कुठली, हेही ओळखू येत नव्हतं. सगळं कसं वेळेवर झालं होतं!

"आता?" साहेबांनी विचारलं.

"आता थुंकी येत नाही त्यांना, नुसतं रक्त येतंय. नमुना हवा तर दुर्बीण घालावी लागेल फुप्फुसात. आणि ती घालताना रक्त सुटलं तर..." बाईंनी वाक्य पुरं केलं नाही.

हे वहिनींना सांगायचं कोणी? साहेबांनीच सांगितलं. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून, मान खाली घालून, एकही शब्द न लपवता. नाकाला प्राणवायूची नळी लावलेल्या वहिनी ऐकत राहिल्या. मग थांबत थांबत म्हणाल्या, "भाऊजी, इतक्या वर्षांत माझ्या हातचं पानात काही टाकलं नाहीत. आणि टाकलंत ते नेमकं हेच होय?"

साहेबांना हसू आलं नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, रडता काय? घाला म्हणावं ती दुर्बीण. पण या खेपेला नीट सांभाळा. माझ्याकडे काही पोतंभर नाहीये ती बुरशी."

थोरला भाऊ खिडकीशी उभा होता. तो मितभाषी माणूस, धाकट्यावर त्याने उभ्या जन्मात आवाज चढवला नव्हता. तो आजही चढवला नाही. एवढंच म्हणाला, "मला एक सांग. तू तिथे रोज बघतोस तरी काय रे?"

त्यापेक्षा थोबाडीत बसली असती तर बरं, असं साहेबांना वाटलं.

दुर्बीण घातली त्या वेळी साहेब बंद दाराबाहेर उभे होते. आत काहीतरी गडबड उडाली. एक परिचारिका धावत बाहेर आली, बर्फासारखं थंड सलाईन घेऊन धावत आत गेली. रक्त सुटलं होतं! भावाने भिंतीला पाठ टेकली. साहेबांनी त्याचा हात धरायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. कोणत्या तोंडाने धरणार? बऱ्याच वेळाने दार उघडलं. रक्त थांबलं होतं. वहिनी होत्या. डॉक्टरीणबाईंनी एक छोटी बाटली साहेबांच्या हातात दिली. "यापुढे पुन्हा मागू नका. पुन्हा देण्याची ताकद नाही त्यांच्यात."

साहेबांनी ती बाटली दोन्ही हातांनी धरून खाली आणली. प्रयोगशाळेत एक काचेचं सुरक्षा-कपाट होतं. आतली हवा गाळून घेणारं, बुरशी बाहेर उडू न देणारं, खास अशाच कामाचं. ते विकत घेतल्यापासून त्यात हातमोज्यांचे खोके रचून ठेवलेले होते. साहेबांनी स्वतः सगळे खोके बाहेर काढले, कपाट पुसलं, त्याची तपासणी करून घेतली. तंत्रज्ञ मुलगी न सांगता मदतीला आली.

नमुना तिकडे पाठवण्यात दिवस जायला नकोत, म्हणून मोठ्या कॉलेजातून चार-चार कप्प्यांच्या प्लेटाच मागवल्या. एका कप्प्यात नुसतं बुरशीचं खाद्य, उरलेल्या तीन कप्प्यांत त्याच खाद्यात तीन वेगवेगळ्या गोळ्यांची औषधं. औषध लागू पडत असेल तर बुरशी फक्त पहिल्या कप्प्यात वाढावी, बाकीचे कोरे राहावेत. तपासणी इतकी साधी! आधी नमुन्यातून बुरशी वाढवायची होती, मग ती या कप्प्यांत पेरायची होती. कॉलेजातल्या ओळखीच्या प्राध्यापकांनी एक औषधाला दबणारी, खात्रीची बुरशीही पाठवली होती. "ही शेजारी लाव. म्हणजे दोष प्लेटचा की बुरशीचा, ते कळेल," असं त्यांनी बजावलं होतं.

मग वाट पाहणं आलं. घड्याळाशी सूत जुळलेल्या माणसाला घड्याळानेच कसं छळलं, ते काय सांगावं! बुरशीला कोणाची घाई ठाऊक नसते. वर वहिनींचा श्वास उथळ होत चालला होता. डॉक्टरीणबाई रोज विचारत, "काही?" आणि साहेब मान हलवत. सुईवाटे द्यायचं दुसऱ्या जातीचं औषध होतं, पण ते मूत्रपिंडांना जड. वहिनींच्या थकलेल्या शरीरात ते नुसत्या अंदाजाने घालायला बाई तयार नव्हत्या.

अखेर एका सकाळी साहेबांनी इन्क्युबेटर उघडला. कॉलेजातली बुरशी पहिल्या कप्प्यात वाढलेली, बाकीचे तीन स्वच्छ कोरे. म्हणजे प्लेटा बरोबर होत्या. त्यांनी वहिनींची प्लेट उजेडात धरली.

चारही कप्पे हिरवेगार होते!

औषध घातलेल्या खाद्यावर ती बुरशी मखमलीसारखी ऐसपैस पसरली होती. गेले काही महिने वहिनी ज्या गोळ्या नेमाने गिळत होत्या, त्यांचा तिच्यावर ओरखडाही उठला नव्हता. साहेबांनी लगेच फोन उचलला. "डॉक्टर, गोळ्या थांबवा! तिन्ही औषधं कुचकामी आहेत. दुसरं औषध सुरू करा, आत्ताच!"

किती औषधाला ती बुरशी दबते याचा पक्का आकडा काढण्यासाठी प्लेट कॉलेजात गेली आणि तिथूनही तेच उत्तर आलं. तोवर सुईचं औषध सुरू झालं होतं. मूत्रपिंडांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं गेलं. पहिले काही दिवस काहीच फरक पडेना, आणि साहेबांनी आशा सोडल्यात जमा होती. मग रक्त कमी झालं. मग थांबलं. एके दिवशी वहिनी उशीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, ती भवानी दिसते तरी कशी, दाखवा बघू."

साहेबांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. वहिनींनी तो जवळून पाहिला. "रंग छान आहे हो मेलीचा!"

डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. त्यांनी विचारलं, "रोपवाटिकेत बुरशीची औषधं फवारता का हो तुम्ही?"

"फवारतो की. कंदांवर, मातीवर. दर आठवड्याला."

"बुरशी दिसली म्हणून?"

"छे! दिसू नये म्हणून. सगळेच मारतात."

"त्यातली काही औषधं आणि तुमच्या गोळ्या एकाच कुळातल्या असतात. मातीतली बुरशी तिथेच त्यांना सरावते, आणि मग श्वासातून माणसात येते. तुमची तिथूनच आली असं छातीठोकपणे नाही सांगता येणार मला. पण असं होतं, हे खरं."

वहिनी हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी फवारलं ते न बघता, आणि भाऊजींनी टाकलं ते न बघता. आमच्या दोघांत तिचं बरं फावलं."

त्या दिवशी साहेब खाली आले आणि इन्क्युबेटरवरचा कागद त्यांनी खरवडून काढला. कागद जुना होता, सहज निघत नव्हता. खरवडता खरवडता त्यांचा हात थांबला. इतक्या वर्षांत या कागदाने किती प्लेटा बादलीत घातल्या असतील? त्या प्रत्येक प्लेटमागे वर कोणीतरी खोकत होतं, कोणाची तरी वहिनी, कोणाचा तरी बाप. त्यांच्यासाठी खाली कोणी धावत आलं नाही, कारण ते साहेबांच्या घरचे नव्हते. नियम सगळ्यांना सारखा, या गोष्टीचा साहेबांना केवढा अभिमान! सारखा होताच. सगळ्यांच्याच बाबतीत सारखा चुकीचा होता.

"सर," मागून तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. तिच्या हातात एक प्लेट होती, झाकण बंद. "बुरशी आलीय. कोणी आजोबा आहेत. आपल्या ओळखीचे नाहीत."

साहेबांनी हातमोजे चढवले आणि काचेच्या कपाटाचा दिवा लावला.

"आण इकडे. ओळख करून घेऊ."

वाचकहो, लाल बादली काही फक्त प्रयोगशाळेत नसते. "कोण बघतंय", "सगळेच करतात", "कोणी मागितलं नाही" असं म्हणून आपणही रोज काही ना काही तिच्यात टाकत असतो. घरातल्या कोणाला बुरशीचा आजार असेल आणि औषध लागू पडत नसेल, तर डॉक्टरांना नि:संकोच विचारा, "या बुरशीवर हे औषध चालतं का, ते तपासलंय का?" आणि झाडांवर फवारा मारण्याआधी एकदा वाकून पाहा, रोग आहे तरी का. विचारायला फक्त तोंड उघडावं लागतं आणि बघायला फक्त डोळे. वहिनी थोडक्यात वाचल्या, पण त्यांच्याआधी त्या बादलीत गेलेल्या प्लेटा कोणाकोणाच्या होत्या, हे आता कोणालाच सांगता यायचं नाही.